माउस घेताना डीपीआय बघायचा की हात?

करंगळी
गेमिंग माउस मागितला की दुकानदार आधी खोक्यावरचा आकडा दाखवतो. २६,००० डीपीआय, म्हणजे माउस एक इंच सरकला की सेन्सर किती टप्पे मोजतो तो आकडा! माझ्या मते हा आकडा बघून माउस घेणं म्हणजे स्पीडोमीटरवर २४० छापलंय म्हणून गाडी घेणं. हिशोब करून बघा. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये ८०० डीपीआय आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी (माउसच्या हालचालीवर नजर किती वळायची, ते गेममधलं सेटिंग) असेल तर पूर्ण गिरकीला माउस साधारण ४१ सेंटीमीटर सरकवावा लागतो. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून २६,००० करा, सव्वा सेंटीमीटरात गिरकी. शिंक आली तरी पाठ शत्रूकडे! म्हणून नेमबाजीवाले बहुतेक ४०० ते १६०० मध्येच खेळतात.

पिक्सआर्ट ३३६० या नावाजलेल्या सेन्सरच्या, म्हणजे माउसची हालचाल टिपणाऱ्या भागाच्या, तोडीचा कुठलाही सेन्सर आपल्या हातापेक्षा अचूकच असतो. मग उरतो आकार. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंत पट्टी लावा. हात १७ सेंटीमीटरचा आणि माउस डेथअ‍ॅडरसारखा, म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर लांब नि उंच पाठीचा, तर पंजा पूर्ण टेकवल्यावर बोटं बटणाच्या पुढच्या टोकापर्यंत जातच नाहीत. मधेच दाबायचं, जिथे बटण जड लागतं.

चाळकरी
असहमत. ताई, चांगला सेन्सर तुम्ही गृहीतच धरलाय. पाचशे रुपयांच्या 'गेमिंग' माउसमध्ये दिवे सात रंगांचे आणि सेन्सर ऑफिसच्या माउसचा. खोक्यावरचा ६४०० बऱ्याचदा सेन्सरचा नसतोच, आतली चिप आकडा फुगवून दाखवते. पेंट उघडून हळूहळू तिरकी रेघ ओढा. ती पायऱ्यापायऱ्यांची आली किंवा तुमचा हात हलूनही आपोआप सरळ झाली, तर काय ते समजा. आणि असल्या सेन्सरचा माउस झटक्यात फिरवला की गेममधली नजर थेट आभाळाकडे. हात कितीही सुखात असला तरी गोळी आभाळातच जाणार ना? आधी सेन्सर. हाताला काय, सवय होते.

करंगळी
सवय होते ती मनगट दुखण्याचीही. अरुंद माउसला अंगठा आणि करंगळीने चिमटा काढल्यासारखं धरून रात्रभर खेळा, सकाळी चहाचा कप उचलून दाखवा.

हलकाफुलका
दोघंही वजन विसरलात. माझा लॉजिटेकचा वायरलेस जी३०४ सेल धरून ९९ ग्रॅमचा, आणि सेल मागच्या बाजूला, तळहाताखाली. नेम धरताना माउस उचलून परत ठेवला की शेपूट आधी टेकते. साध्या अल्कलाइनऐवजी लिथियम डबल-ए टाकला तर सात-आठ ग्रॅम कमी होतात, तेही मागचेच. फरक लगेच कळतो. आता साठ ग्रॅमचे वायरलेस माउस मिळतात, पण त्या किमतीत कीबोर्डही येईल.

चाळकरी
वजनाचं एवढं कौतुक नको. फार हलक्या माउसवर माझा नेम लक्ष्याच्या पुढे जातो. शंभराच्या आसपास बरं, हात थोडा आवरला जातो.

डावखुरा
चालू द्या तुमचं. आम्हाला दुकानात 'दोन्ही हातांसाठी' म्हणून जे मिळतं त्याची कडेची बटणं नेमकी डावीकडेच असतात. म्हणजे माझ्या करंगळीखाली. सेन्सर की आकार हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचतच नाही.

हलकाफुलका
+१. आणि ते ८००० हर्ट्झचं, म्हणजे माउसने सेकंदाला ८००० वेळा कॉम्प्युटरला निरोप द्यायचं खूळ? १००० हर्ट्झला माउस दर मिलिसेकंदाला निरोप देतो. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, जवळपास सात मिलिसेकंदांची, तेवढ्यात सात निरोप पोचलेले असतात. जुन्या प्रोसेसरवर ८००० लावलं तर गेमच अडखळेल, वायरलेसची बॅटरी जाईल ती वेगळी.

चाळकरी
हे मान्य. पण मूळ मुद्द्यावर या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात सीलबंद खोकं फोडून हात ठेवू देणारं दुकान मला अजून सापडलेलं नाही. ऑनलाइन तर प्रश्नच नाही. मग हात मोजून करू काय?

करंगळी
आत्ता वापरताय तो माउस मोजा. लांबी, चिमटीतली रुंदी, पाठीची उंची. कंपन्या ही मापं देतात. जुना रुंद वाटत असेल तर तीन-चार मिलिमीटर अरुंद शोधा. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

चाळकरी
माप कळेल, पाठीचा उतार कुठून कळणार? दोन माउस एकाच उंचीचे, एकाची पाठ मधोमध, दुसऱ्याची मागे. मापं सारखी, पकड वेगळी. सेन्सरचं नाव निदान वाचून खात्री करता येते. मी आधी तेच बघणार.