प्रोजेक्टरमध्ये मधोमध काळा डाग येतोय, अर्जंट मदत हवी आहे

खळ्यातलं_थेटर: घरीच प्रोजेक्टर बनवलाय. थोडा वेळ झकास चालतो, मग चित्राच्या मधोमध काळा डाग येतो आणि पसरत जातो. बंद करून ठेवला की जातो. पंखा लावलेला आहे. शनिवारी घराच्या धाब्यावर (गच्चीवर) पडदा बांधून गल्लीला मॅच दाखवायचं कबूल केलंय. "रेडिमेड घ्या" कोणी सांगू नका.

सर्किटवाला: दिवा कोणता? पॅनेल किती इंची? पंखा कशावर? यातलं काहीच लिहिलं नाही.

भुसावळ_जंक्शन: रेडिमेडच घ्या हो. मी घेतला, काही कटकट नाही.

खळ्यातलं_थेटर: वर काय लिहिलंय? 100 वॉटचा सीओबी एलईडी (एकाच चकतीवर दाटीने बसवलेले बरेच एलईडी), हीटसिंकवर कॉम्प्युटरचा पंखा. पॅनेल टॅबलेटचं, 7 इंची.

सर्किटवाला: मग बरोबर. लिक्विड क्रिस्टल फार तापलं की नुसतं द्रव होतं, प्रकाश वळवत नाही, तेवढा भाग काळा पडतो. निवलं की पूर्ववत. डाग तपकिरी होऊन तसाच राहिला तर पोलरायझर (पॅनेलवरची, एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणारी फिल्म) जळाला समजा. तुमचा पंखा एलईडीला वाचवतोय, पॅनेलला नाही. पॅनेलवर पडलेल्या उजेडातला अगदी थोडा पलीकडे जातो, बाकी सगळा तिथेच मुरतो. 15.6 इंचीचं क्षेत्रफळ 7 इंचीच्या सुमारे 5 पट, म्हणून लॅपटॉपचं पॅनेल हाच दिवा सोसतं.

केळीबाग_रावेर: मध्ये उष्णतारोधक काच टाका. जुन्या स्लाइड प्रोजेक्टरमध्ये असते. माझ्या मेटल हॅलाइड दिव्याच्या डब्यात तिनेच काम केलं.

सर्किटवाला: मेटल हॅलाइडला ठीक. ती काच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण अडवते; पांढऱ्या एलईडीच्या झोतात ते जवळजवळ नसतंच. इथे उजेडच तापवतोय, काच गाळणार काय?

केळीबाग_रावेर: पुस्तकी बोलू नका. एलईडीसमोर हात धरून बघा, चटका बसतो की नाही.

सर्किटवाला: बसणारच. तो उजेड हातात मुरतो ना!

धुळेकर_काका: आमच्या लहानपणी यात्रेत तंबू टॉकीज यायची. कार्बनच्या कांड्यांचा आर्क. रीळ अडकलं की फिल्म जळताना थेट पडद्यावर दिसायची, आधी मधे एक बुडबुडा, मग पांढरं फट्ट. पोरं पैसे परत मागायची.

तापीकाठ: भाऊ, पंखा उलटा बसाडेल से का? डबा कसला? गरम हवा कुठून निघते?

खळ्यातलं_थेटर: प्लायचा. भोकं बुजवली, भिंतीवर उजेड सांडत होता.

तापीकाठ: म्हणजे भट्टीच केली की! भोकं उघड. आतून प्रत्येक भोकासमोर काळ्या पुठ्ठ्याचे दोन आडोसे लाव, एकमेकांना झाकतील असे. हवा वळसा घेऊन जाते, उजेड अडतो. डब्याला आतून मॅट काळा रंग. फ्रेस्नेल (दिव्यासमोरचं चपटं भिंग) आणि पॅनेलमध्ये बोटभर फट ठेव, तिथे छोटा ब्लोअर. हवा पॅनेलच्या दोन्ही अंगांनी खालून वर जायला हवी. हीटसिंकची गरम हवा वेगळ्या वाटेने काढ.

यावलकर: कुलरसमोर ठेवा, विषय संपला.

सर्किटवाला: कुलरचे तुषार आणि उघडा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट)? अजिबात नको. त्यापेक्षा पॅनेलचा मागचा पोलरायझर सोलून वेगळ्या काचेवर, दिव्याच्या बाजूला लावा. निम्म्याहून जास्त उजेड तोच खातो. फक्त कोन होता तोच ठेवा.

खळ्यातलं_थेटर: शनिवारच्या आधी सोलासोली नाही. भोकं उघडली, ब्लोअर लावला. डाग आता खूप उशिरा येतो, पण येतो. दिव्याचा करंट कमी केला तर पडदा अंधारतो.

तापीकाठ: पडदा केवढा?

खळ्यातलं_थेटर: 10 फूट रुंद.

तापीकाठ: हे आता सांगतोस! 5 फूट कर. तोच उजेड चौपट दाट पडेल, मग 3 ऐवजी 2 अँपिअरवर आरामात चालेल. आणि मॅच अंधार पडल्यावरच लाव. दुपारी बाहेर 44 असेल तर पंखाही 44 चीच हवा फेकणार.

खळ्यातलं_थेटर: 5 फुटात मागच्यांना स्कोअर दिसणार नाही.

भुसावळ_जंक्शन: रेडिमेडवर दिसतो.

केळीबाग_रावेर: फ्रेस्नेल जळगावात मिळते का? मला वेफर्ससाठी सोलर ड्रायर करायचाय.