जिनिंगच्या काट्यावर नवख्यांसाठी वेगळा ‘सोपा’ स्क्रीन हवा का?

धागाकर्ता, जळगाव
जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यासाठी कापूस खरेदीचा प्रोग्राम बनवतोय. तिथले दिवाणजी पंचवीस वर्षांचे जुने. नजर कागदावर, बोटं नंबरपॅडवर. हंगामापुरती येणारी पोरं माउसनं बटण शोधत बसतात. शेठ म्हणतात, दोन स्क्रीन कर: एक सोपा, एक पूर्ण. मला हे पटत नाही. सोप्यावर बसलेला पोरगा सोप्यावरच राहतो, आणि दिवाणजी सुट्टीवर गेले की त्यांच्या जागी बसायला कोणी नसतं. स्क्रीन एकच ठेवावा, प्रत्येक बटणावर त्याची की लिहावी. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्राममध्ये, सेल्ससमोर एफ8, परचेससमोर एफ9 दिसतं. रोज बघून बघून हात आपोआप माउस सोडतो.

काटेवाला, चोपडा
नाही पटलं भो. मी स्वतः काट्यावर बसतो. बाहेर ट्रॅक्टरची रांग, शेतकरी पहाटेपासून उभा. मागच्या हंगामात एका नव्या पोरानं भावाच्या चौकटीत वजन टाकून पट्टी (खरेदीची पावती) छापली. शेतकरी अर्ध्या रस्त्यातून परत बोलवावा लागला. पोराला गाडी नंबर, नाव, भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन, एवढंच दिसू द्या.

धागाकर्ता
भाव त्याला बदलता येऊ नये, हे मान्य. पण चौकट जागेवर राहू द्या, कुलूप लावा.

क्लासवाली मॅडम, धुळे
लपवण्याचा प्रयोग होऊन गेलाय. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2000 मध्ये कमी वापरातल्या आज्ञा मेनूतून आपोआप गायब व्हायच्या. ‘मॅडम, काल इथं होतं!’ हे मी रोज ऐकायचे. 2007 मध्ये बटणांची रिबन आली, एक्सेलचे जुने मेनू गेले, पण ऑल्ट, ई, एस दाबलं की पेस्ट स्पेशल अजूनही उघडतं. सरावलेल्या बोटांची अशी कदर हवी.

काटेवाला
मॅडम, ऑफिसात चूक झाली तर पुसता येते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत कापसातला ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर मालच घेत नाहीत. तो आकडा चुकला तर पैसे शेतकऱ्याचे जातात. कुलूप लावलेल्या दहा चौकटीसुद्धा पहिल्या दिवशी नजर अडवतात.

धागाकर्ता
नजर अडते, हे मी धरलं नव्हतं. मग त्या चार चौकटी वर, बाकीच्या खाली मिटलेल्या. एफ6 नं उघडतील, आणि ते तिथंच लिहिलेलं असेल. दिवाणजींना कायम उघड्या. त्या चार चौकटींची जागा आणि एंटरचा क्रम दोघांना एकच. दुसरा स्क्रीन मात्र करणार नाही. परवा चोपड्याला येतो, तुमच्याकडच्या नव्या पोरालाच बसवून बघू.