१५०० मीटर पोहताना वेग कसा राखावा?

प्रश्न : माझे वय बेचाळीस असून मी सोलापुरात सकाळच्या बॅचला पोहतो. प्रौढ गटात १५०० मीटर फ्रीस्टाइलला उतरण्याची मनापासून इच्छा आहे. परंतु पहिले ४०० मीटर सहज जातात आणि त्यानंतर खांदे भरून येऊन वेग ढासळतो. सराव कसा आखावा?

उत्तर १ : माझ्या मते आपला दम कमी पडत नसून सुरुवातच प्रमाणाबाहेर वेगवान होत असावी. एके दिवशी ४०० मीटर आणि पुरेशा विश्रांतीनंतर २०० मीटर पूर्ण जोराने पोहून दोन्ही वेळा नोंदवाव्यात. त्यांतील फरकाची निम्मी वेळ हा आपला १०० मीटरचा टिकाऊ वेग समजावा. ८ मिनिटे आणि ३ मिनिटे ५० सेकंद लागले, तर तो २ मिनिटे ५ सेकंद येतो. याच वेगाने, मध्ये १५-२० सेकंद थांबून, १०० मीटर दहा वेळा पोहावे आणि शेवटचे शंभर पहिल्याइतक्याच वेळात आले तरच संख्या वाढवावी.

उत्तर २ : सहमत आहे. शर्यतीत पहिले २०० मीटर मुद्दाम हात राखून पोहावे, कारण ताज्या अंगाला योग्य वेगही संथ वाटतो. २५ मीटरच्या तलावात भिंत साठ वेळा गाठायची असल्याने वळणांचा सरावही टाळू नये.

उत्तर ३ : एप्रिल-मे महिन्यांतील वेळांवरून निराश होऊ नये. स्पर्धेसाठी पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश असावे असा नियम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या तलावाचे पाणी तापते, शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही आणि तोच वेग जड जातो. पिण्याच्या पाण्याची बाटली काठावर ठेवावी.