जुन्या बारा बोअरच्या दस्त्याचे पॉलिश : हार्डवेअरच्या दुकानातील साहित्यात कितपत जमेल?

केळीबाग (यावल) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या घरी एकनळी बारा बोअरची जुनी बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावे होता, पुढे वडिलांच्या, आणि आता तो रीतसर माझ्या नावे झाला आहे. बंदूक चालण्यास उत्तम आहे. प्रश्न केवळ तिच्या रूपाचा आहे. मागील पावसाळाभर मी ती रेक्झिनच्या खोळीत घालून कपाटात उभी ठेवली, आणि दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बाहेर काढली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. दस्त्यावरच्या व्हार्निशला भेगा पडून ते जागोजागी पांढुरके झाले आहे, मुठीजवळचे लाकूड काळे आणि चिकट झाले आहे, मागच्या पट्टीच्या दोन्ही स्क्रूंभोवती काळी वर्तुळे उमटली आहेत, आणि उजव्या बाजूस ट्रॉलीचा कोपरा लागून बोटाच्या पेराएवढा पोचा पडला आहे. नळीवर, गव्हावर तांबेरा पडावा तसे, गंजाचे बारीक ठिपके दिसतात.

गावातील सुतार मेलामाइनचे पॉलिश मारून देतो म्हणतो. रंगाऱ्याचे म्हणणे असे की नळीवर काळ्या रंगाचा स्प्रे मारला की काम संपले. इंटरनेटवर पाहावे तर अमेरिकेतील हौशी लोक घरीच बंदुका जुळवतात आणि त्यांवर नाना प्रकारचे रंग चढवतात. त्यातील आपल्याला लागू पडणारे कोणते आणि टाळावयाचे कोणते, हे मला उमगत नाही. मला ती नवी दिसायला नको आहे, आजोबांच्या हातात होती तशी दिसली तरी पुरे. फैजपूर किंवा भुसावळच्या दुकानात मिळेल एवढ्याच साहित्यात आणि पाचशे रुपयांच्या आत हे जमेल काय?

निवृत्त जोडारी (वरणगाव) यांचे उत्तर

भाऊ, माझी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसांच्या बाजूला झाली, तेव्हा लाकडाचे जे थोडेफार कळते ते घरच्या सुतारकीमुळे. लाकडापुरते सांगतो. त्याआधी बंदूक उघडून नळीतून पलीकडचा उजेड डोळ्यांनी पाहावा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. दस्ता धातूपासून वेगळा करून मगच काम करावे. तो मागच्या पट्टीआडच्या लांब बोल्टवर असेल, तर तो काढण्याचे आणि परत आवळण्याचे काम परवाना असलेल्या दुकानदाराकडूनच करून घ्यावे. चुकीच्या पेचकसाने स्क्रूची खाच खाल्ली की ती जन्मभर डोळ्यांत खुपते.

मुठीजवळचे लाकूड काळे का झाले, हे आधी समजून घ्या, कारण तुमचे खरे दुखणे तेच आहे. बंदूक वर्षानुवर्षे दस्ता खाली आणि नळी वर अशी उभी ठेवली की नळीत आणि कळीच्या यंत्रणेत घातलेले तेल हळूहळू उतरत मुठीच्या लाकडात मुरते. असे लाकूड काळे पडते, पुढे मऊ होते, आणि त्यावर कोणतेही पॉलिश धरत नाही. सुताराने त्यावर मेलामाइन मारले असते, तर दोन महिन्यांत ते पापुद्र्यासारखे उचलले असते.

त्यावर खडूची पूड हा उपाय आहे. रंगाच्या दुकानात लांबी (पुट्टी) करण्यासाठी जी व्हायटिंग पावडर मिळते तीच घ्यावी. मोकळ्या जागेत, विडी-काडी दूर ठेवून, ती थिनरमध्ये भजीच्या पिठाएवढी घट्ट कालवावी आणि काळ्या भागावर जाड थापावी. थिनर उडून गेल्यावर दस्ता उन्हात ठेवावा. लाकूड तापले की आतले तेल वर येते आणि खडू ते शोषून पिवळट होतो. तो झटकून नवा थर द्यावा. असे तीन-चार वेळा करावे लागेल. आपल्या भागात उन्हाची कमतरता नाही, पण मार्च उलटल्यावर भर दुपारच्या उन्हात ठेवाल तर तेलाआधी लाकूडच तडकेल, म्हणून सकाळचे तासाभराचे ऊन पुरे.

जुने व्हार्निश काढण्याआधी ते कशाचे आहे, हे पाहावे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कोपऱ्यात दाबावा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला तर ते चपड्याचे (लाखेचे) फ्रेंच पॉलिश आहे, आणि ते नुसत्या स्पिरिटने व फडक्याने निघेल. तसे न झाल्यास पेंट रिमूव्हर आणावे लागेल. ते लावताना हातमोजे घालावेत आणि ओटीवर बसावे, खोलीत नव्हे. जुने सुतार काचेच्या तुकड्याने खरवडतात, ते काम नजाकतीचे आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

पोचा भरण्याची घाई करू नये. तेथे लाकूड दबले आहे, नाहीसे झालेले नाही. सुती फडक्याची ओली घडी पोच्यावर ठेवून तापलेली इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफ आत शिरली की दबलेले तंतू फुगून वर येतात. पाच-सहा वेळा केल्यावर बराचसा पोचा भरून येईल. जेथे तंतू तुटले असतील तेथे मात्र वाफेचा उपयोग नाही. तेथे एपॉक्सीत त्याच लाकडाचा भुस्सा कालवून भरावे. मुठीला आरपार चीर असेल, तर ती दिखाऊ कामात धरू नका, कारण बार उडाल्याचा धक्का सगळा तेथूनच खांद्याकडे जातो.

स्क्रूभोवतीची काळी वर्तुळे म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातील तुरट द्रव्य यांचा संयोग. घासून ती जात नाहीत, खोलवर गेलेली असतात. मोझॅक लादी घासणारे कारागीर जे ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, त्याची चमचाभर पूड पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावावी. डाग तासाभरात फिका पडतो. ही पूड विषारी आहे. स्वयंपाकघरातील पेला-चमचा घेऊ नये, आणि दस्ता स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून पूर्ण वाळल्याखेरीज त्यावर काचकागद फिरवू नये, कारण तिची धूळ नाकात गेलेली चांगली नाही.

घासण्यासाठी १५०, २४० आणि ३२० नंबरचे काचकागद पुरतात. कागद बोटाने न धरता जुन्या हवाई चपलेच्या रबराच्या तुकड्यावर गुंडाळावा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. लाकूड जेथे धातूला भिडते ती कड अजिबात घासायची नाही. नवशिक्याचा दस्ता ओळखायचा तो येथेच: कडा गोल झालेल्या, लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलेले, आणि मध्ये नखभर पायरी. मुठीवर जाळीदार नक्षी कोरलेली असेल तर तिला कागद लावू नये. जुन्या टूथब्रशने स्पिरिट फिरवले की ती साफ होते. २४० नंबरचा हात झाल्यावर ओल्या फडक्याने दस्ता एकदा पुसावा, उभे राहिलेले तंतू वाळू द्यावेत, आणि मग ३२० ने हलकेच उतरवावेत.

शेवटी तेल. रंगाच्या दुकानात बेलतेल मागा, म्हणजे शिजवलेले जवसाचे तेल. पहिल्या हाताला त्यात निम्मे टर्पेंटाइन घालावे, पुढच्या हातांना तेवढेही नको. तळहाताने चोळून लावावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, आणि लाकडाने न प्यायलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. जाड थर ठेवला की वर साय धरते आणि आत महिनाभर चिकट राहते. दिवसाआड एक याप्रमाणे पाच-सहा हात द्यावेत. घरात आहे म्हणून शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल लावू नये, ते कधीच वाळत नाही. दस्ता अक्रोडाचा असेल तर वेगळा रंग देण्याची गरज नाही, तेलानेच तो गडद होतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बेलतेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि बोळ्यात ती कोंडून राहते. फडकी दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, कडब्याची गंजी शेजारी असताना, हा विनोदाचा विषय नाही.

पॉलिशवाला (धुळे) यांचे उत्तर

काकांनी सांगितलेली रीत सुंदर आहे, पण माझा धंदा फर्निचर पॉलिशचा असल्याने एक आक्षेप नोंदवतो. जवसाचे तेल लाकडाला रूप देते, पाणी अडवत नाही. ही बंदूक शेतात, दवात, केळीच्या बागेतील कायमच्या ओलाव्यात जाणार असेल, तर एका पावसाळ्यात तेलाचा दस्ता पुन्हा फिका पडेल. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन पातळ हात मॅट फिनिशमध्ये द्यावेत, चमक येत नाही आणि पाच वर्षे पाहावे लागत नाही. निदान मागच्या पट्टीखालचे उघडे लाकूड तरी पीयूने बंद करावे. तेथे तंतूंची टोके उघडी असतात आणि लाकूड पाणी पिते ते मुख्यतः टोकांनीच. मेलामाइनबाबत मात्र मी काकांशी सहमत आहे. ते टेबलावर शोभते, आणि धक्के खाणाऱ्या वस्तूवर काचेसारखे तडकते.

परवानाधारक (चोपडा) यांचे उत्तर

लाकडाचे पुरेसे झाले आहे, म्हणून मी धातूबद्दल आणि कायद्याबद्दल लिहितो.

नळीचा काळसर निळा रंग हा रंग नसून लोखंडावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा पातळ थर आहे. गंजदेखील ऑक्साइडच, त्यामुळे गंज खाणारे कोणतेही आम्ल, मग ते दुकानातील रस्ट रिमूव्हर असो, व्हिनेगर असो की न्हाणीघर घासण्याचे ॲसिड असो, गंजाबरोबर तो थरही खाऊन टाकते आणि नळी तेवढ्या जागी पांढरी पडते. न्हाणीघराचे ॲसिड तर बंदुकीच्या कपाटात ठेवूसुद्धा नये, त्याच्या वाफेनेही लोखंड गंजते. ठिपक्यांवर शिवणयंत्राचे तेल लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी सुती फडक्याने चोळावे. त्याने न गेल्यास चार शून्यांचे अतिबारीक स्टील वूल तेलात बुडवून अलगद फिरवावे, आणि आधी पुढच्या लाकडाआड झाकल्या जाणाऱ्या जागी करून पाहावे. भांडी घासण्याची तारेची घासणी घेऊ नये, ओरखडे पडतील. एवढे करून जे खड्डे राहतील ते राहू द्यावेत.

काळ्या स्प्रेला माझा ठाम विरोध आहे. रंगाखाली गंज दिसत नाही, पण थांबतही नाही. शिवाय नळीवरील क्रमांक आणि खुणा रंगाने बुजल्या, तर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासणीत काय उत्तर देणार? शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणे, काढणे किंवा बदलणे यास मनाई आहे. स्प्रे मारणे म्हणजे लगेच खूण खोडणे होते असे मी म्हणत नाही, पण तो वाद ओढवून घ्यावाच कशाला? त्याच अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती, बदल ही कामे परवान्याशिवाय करता येत नाहीत. अमेरिकेत कित्येक राज्यांत स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक जुळवणे कायदेशीर आहे, म्हणून तिकडच्या हौशी लोकांचे ते व्हिडिओ. आपल्याकडे त्यातील निर्मितीचा भाग सरळ तुरुंगात नेतो. आपण लाकूड आणि वरचे तेलपाणी एवढ्यावर थांबावे. नळीला पुन्हा काळेपणा हवा असेल तर परवाना असलेल्या दुकानदाराकडे जावे. ते काम उकळत्या कॉस्टिकच्या मिश्रणात होते, घरच्या चुलीवर करण्याचे ते काम नव्हे.

आणि अखंड बंदूक सुताराकडे ठेवून येऊ नये. त्याच्याकडे परवाना नाही. न्यायचेच झाले तर सुटे केलेले लाकूड न्यावे.

निवृत्त जोडारी (वरणगाव) यांचे उत्तर

धुळ्याच्या भाऊंचा पट्टीखालच्या टोकांचा मुद्दा मला मान्य आहे, तो माझ्याकडून राहिला होता. तेथे पीयूचे दोन हात अवश्य द्यावेत. बाकी दस्त्यावर मी तेलच देईन. पीयूवर खोल ओरखडा पडला की बहुतेक वेळा सगळा थर उतरवून नव्याने सुरुवात करावी लागते. तेलाच्या दस्त्यावर ओरखडा पडला तर दिवाळीच्या आसपास अर्धा चमचा तेल चोळले की भागते. पाणी अडवण्यासाठी वरून मेणाचा हात द्यावा. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारांत मधाबरोबर पोळ्याचे मेणही मिळते. ते वाटीत घेऊन गरम पाण्यावर वितळवावे, विस्तवापासून दूर नेऊन त्यात टर्पेंटाइन मिसळावे, आणि लोण्यासारखे झाले की फडक्याने लावून चमकवावे.

केळीबाग (यावल) यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काम तेवढेच चालले. खडूचे पाच थर लागले. पहिले दोन हळदीसारखे पिवळे निघाले, पाचवा जवळपास पांढरा राहिला. व्हार्निश म्हणून ज्याला मी नावे ठेवत होतो ते चपड्याचेच निघाले आणि स्पिरिटने उतरले. त्याखाली आजोबांनी बहुधा खिळ्याने कोरलेले त्यांच्या नावाचे पहिले अक्षर सापडले, तेवढ्या जागी मी कागद फिरवला नाही. पोचा बारा आणे भरून आला, उरलेला तसाच ठेवला आहे. काकांनी बजावूनही डाव्या बाजूची कड एका ठिकाणी किंचित गोल झाली, ती आता मला एकट्यालाच दिसते, पण रोज दिसते.

नळीवरचे ठिपके तेलानेच गेले, दोन खड्डे राहिले. स्टील वूल मिळाले नाही आणि त्याची गरजही पडली नाही. दस्ता काढण्या-बसवण्याचे दुकानदाराने घेतलेले पैसे वगळता चारशे वीस रुपये खर्च झाले, त्यात पीयूचा लहान डबाच सर्वांत महाग होता. रेक्झिनची खोळ टाकून दिली असून बंदूक आता कुलूपबंद कपाटात सुती कापडात, नळी खाली आणि दस्ता वर अशी ठेवली आहे. घरातील इस्त्रीच्या तळाला लाकडाचा तपकिरी डाग लागल्यामुळे मला दुसरी इस्त्री घ्यावी लागणार आहे, तो खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही.