शब्दचर्चा: आरोपपत्र, दोषारोप, समरी, पंचनामा... खुनाच्या कथेत कुठे काय लिहायचं?

प्रश्न:
एक दीर्घकथा लिहितेय. तालुक्याच्या गावात विहिरीत एका बाईचं प्रेत सापडतं, आधी सगळे पाय घसरून पडली म्हणतात आणि मग हळूहळू खून असल्याचं बाहेर येतं. कथानक जमलंय पण शब्दांवर अडकलेय. पेपरात कुठे आरोपपत्र वाचते, कुठे दोषारोपपत्र, आणि कोर्टाच्या बातमीत 'आरोप निश्चित झाले'. तिन्ही एकच का? आणि पहिल्या दिवशी नेमकं काय होतं, तक्रार, फिर्याद की एफआयआर? पोलीस आपापसात बोलताना काय म्हणतात तेही सांगा प्लीज, पात्रांच्या तोंडी पुस्तकी मराठी नकोय.

उत्तर:
शेवटापासून सुरू करतो कारण तुमच्या कथेची सुरुवातच तिथे आहे. विहिरीत प्रेत सापडलं आणि घातपाताचा संशय कोणी बोलून दाखवला नाही तर त्या दिवशी एफआयआर होतच नाही, होते ती अकस्मात मृत्यूची नोंद, पोलिसांच्या बोलण्यात 'एडी दाखल केली', अ‍ॅक्सिडेंटल डेथवरून. यात फिर्यादी नसतो, खबर देणारा असतो, म्हणजे ज्याने प्रेत पाहिलं तो शेतमालक किंवा पोलीसपाटील. पहिल्या प्रकरणात 'फिर्यादी' शब्द आला की जाणकार वाचक तिथेच थांबेल, कारण फिर्यादी आहे म्हणजे गुन्हा दाखल झालाय, आणि तुमचं तर अख्खं रहस्यच गुन्हा दाखल न होण्यावर उभं आहे.

एडीमध्ये प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो, त्यालाच मरणोत्तर पंचनामा म्हणतात. मग ग्रामीण रुग्णालयात पीएम, म्हणजे शवविच्छेदन. आणि हे बघा, बाईच्या लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि आत्महत्या किंवा मृत्यूबद्दल काही संशय असेल तर कार्यकारी दंडाधिकारी चौकशीला येतो, म्हणजे तालुक्याला बहुतेक तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. हा फार चांगला प्रसंग होऊ शकतो कारण पोलिसांना गुंडाळायचं असलं तरी बाहेरचा एक माणूस येऊन कागद बघतो. बाईचं वय आणि लग्नाचं साल ठरवताना याचा विचार करा.

पीएमच्या कागदावर लगेच 'खून' असं लिहून येत नाही. बऱ्याचदा 'मृत्यूचे कारण राखून ठेवले' एवढंच असतं आणि व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला जातो. बुडून मेलीय की मेल्यावर टाकलीय हे बघायला हाडातला मगज आणि विहिरीचं पाणी दोन्ही पाठवतात, पाण्यातले डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल श्वासातून रक्तात आणि तिथून मगजात पोचलेत का ते बघायला. सापडले तर जिवंतपणी पाण्यात गेल्याला बळ मिळतं, पण नाही सापडले म्हणून बुडाली नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे डॉक्टरच्या तोंडी घाला, कोर्टात वकील हेच धरून बसतो. आणि लॅबला पेपरवाले सर्रास 'न्यायवैद्यक प्रयोगशाळा' लिहितात पण महाराष्ट्रात तिचं नाव न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, मुंबईची कलिन्याला आहे, आणि पोलीस-वकील दोघंही रिपोर्टला 'सीए' म्हणतात, केमिकल अ‍ॅनलायझरवरून. 'सीए आला का?' हे वाक्य तुमच्या पीएसआयच्या तोंडी पाच वेळा आलं तरी चालेल, खऱ्या तपासात ते त्याहून जास्त वेळा येतं.

मग खुनाचा संशय पक्का झाला आणि नातेवाईक पुढे यायला तयार नाहीत, तर? तर एडीची चौकशी करणारा अधिकारी स्वतः फिर्याद देतो, तिला 'सरकारतर्फे फिर्याद' म्हणतात. माझ्या मते तुमच्या कथेचं वळण हेच आहे. एक फौजदार स्वतःच्या नावाने फिर्याद देतो म्हणजे उद्या कोर्टात तोच साक्षीदार म्हणून उभा राहणार, उलटतपास त्याचाच होणार.

आता आरोपपत्र. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात जे दाखल करतात ते दोषारोपपत्र, पेपरात आरोपपत्र, बोलताना सगळे चार्जशीटच म्हणतात. हे तिन्ही एकच. 'आरोप निश्चित' किंवा 'दोषारोप ठेवला' मात्र पूर्ण वेगळं, ते पोलीस करत नाहीत, न्यायाधीश करतात, पुष्कळ महिन्यांनी, आरोपीला वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का विचारतात. वकिलांच्या भाषेत 'चार्ज फ्रेम झाला'. मी तर म्हणेन कुठलाही शब्द लिहिण्याआधी एवढंच विचारा की हा कागद कोणाच्या टेबलावर तयार झाला, ठाण्यात, दवाखान्यात, तहसीलला की कोर्टात. शब्द आपोआप ठरतो आणि पुष्कळदा पुढचा प्रसंगही ठरतो.

प्रश्न:
खूप खूप धन्यवाद, सरकारतर्फे फिर्याद हे माहीतच नव्हतं! अजून दोन गोष्टी. आरोपी पोलिसांसमोर कबुली देतो आणि तिथेच कथा संपते असं लिहिलंय, ते चालेल ना? आणि गावातला पुढारी प्रकरण दाबतो तेव्हा पोलिसांनी 'फाइल बंद केली' लिहिलंय, त्याला काही शब्द आहे का?

उत्तर:
कबुलीवर कथा संपवू नका, प्लीज. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आधीच्या पुरावा कायद्यात कलम 25, आता साक्ष्य अधिनियमात 23. मोक्काखाली एसपी किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो पण तो संघटित गुन्हेगारीचा कायदा आहे, तुमच्या विहिरीला लागू नाही. चालतं ते एवढंच: आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो 'दगड कुठे टाकला ते दाखवतो', त्याचा निवेदन पंचनामा होतो, काही जण मेमोरंडम पंचनामा म्हणतात, मग तो पुढे आणि पोलीस-पंच मागे असे जीपने जातात, तो जागा दाखवतो आणि दगड जप्त होतो. 'मी दगडाने मारलं' हे वाक्य कोर्टात बाद, 'दगड अमुक बांधाखाली टाकला' आणि तिथे तो सापडला एवढं राहतं. म्हणून पंच महत्त्वाचे. तुमच्या पुढाऱ्याला प्रकरण बिघडवायचं असेल तर त्याने पंचाला गाठावं, पंच कोर्टात 'मला काही माहीत नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली' म्हणाला की झालं. त्याला पंच फितूर झाला असं म्हणतात. जप्त दगड 'मुद्देमाल' होतो आणि मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जातो.

फाइल बंद हा शब्द कोणी वापरत नाही, शब्द आहे समरी. गुन्हा दाखल झालाय पण आरोपीच सापडला नाही तर अ समरी, खोटी फिर्याद हेतुपुरस्सर दिली असं निघालं तर ब, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली असेल तर क. पोलीस फक्त अहवाल पाठवतात, मंजूर करायचं की नाही ते न्यायदंडाधिकारी ठरवतो, आणि फिर्यादीला त्यावर हरकत घेता येते. एडीचे कागद मात्र प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जातात. पुढाऱ्याने खरंच दाबायचं असेल तर तो एडीतच दाबेल, गुन्हा दाखल व्हायच्या आधी, तिथे हरकत घ्यायला फिर्यादीच नसतो.

दुसरे वाचक:
वर उलटतपास लिहिलंय ते बरोबर पण कोर्टात वकील 'क्रॉस'च म्हणतात, आणि सरतपासाला, म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूचा वकील आधी प्रश्न विचारतो त्याला, 'चीफ'. सरतपास शब्द निकालपत्राच्या मराठीत दिसतो, वकिलांच्या बाररूममध्ये चहा पिताना नाही. कोठडीचंही तसंच, पोलीस 'पीसीआर मिळाला तीन दिवसांचा' म्हणतात, पोलीस कोठडी हा पेपरचा शब्द, आणि न्यायालयीन कोठडी म्हणजे 'एमसीआर झाला'. आमच्याकडे नागपूरला पण हेच.

उत्तर:
पटलं. संवादात चीफ, क्रॉस, पीसीआर लिहा, निवेदनात मराठी शब्द ठेवा, कथेला दोन आवाज मिळतात. फक्त 'फेरतपास' जपून वापरा, कोर्टात तो साक्षीदाराचा तिसरा टप्पा असतो आणि ठाण्यात गुन्ह्याचा पुन्हा तपास, संदर्भ दिला नाही तर गोंधळ होतो.

प्रश्न:
एकच शेवटचं. खून 2019 मधला आहे पण उघड होतो 2025 ला. खुनाचं कलम 302 लिहू की 103?

उत्तर:
302. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि गुन्ह्याचं कलम कृत्य घडलं त्या दिवसाचं लागतं, म्हणून भादंवि 302. पण गुन्हा 2025 ला दाखल होतोय म्हणून तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, म्हणजे एफआयआर 173 खाली, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग 105 खाली. जप्तीच्या पंचनाम्याच्या प्रसंगात एका शिपायाच्या हातात मोबाइल द्यायला विसरू नका. आणि पुरावा नष्ट करण्याचं 201 पण लावा, प्रेत विहिरीत टाकलंय ना, ते कलम अशा गुन्ह्यात 302 च्या सोबत जवळजवळ नेहमीच असतं.