नोकरी सांभाळून मालमत्ता कायदा

नोकरी करताना मालमत्ता कायदा शिकायचा असेल तर संध्याकाळचे अर्धवेळ एलएलबी करावे, हा सल्ला आता जुना झाला आहे. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या नियमांनुसार अनिवासी महाविद्यालयातील वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच घेता येतात आणि ७० टक्के उपस्थिती आवश्यक असते. त्यामुळे मी सकाळचे वर्ग करून धापा टाकत कचेरी गाठत असे. सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, नको असेल, तर मात्र हा खटाटोप करण्याचे कारण नाही.

हा विषय रुक्ष आहे असे म्हणतात, ते मात्र मला मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसता वाचला तर डोक्यावरून जातो, परंतु घरचा सातबारा, फेरफार (महसूल दप्तरातील नावबदलाची नोंद) आणि जुने खरेदीखत शेजारी ठेवून वाचला की त्याची कलमे बोलू लागतात. साठेखताने, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या नुसत्या कराराने, मालकी मिळत नाही, हे कलम ५४ मध्ये स्पष्ट लिहिलेले असताना, आणि फेरफार नोंद ही महसुलापुरतीच असून तिने मालकी सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेले असताना, आमच्या घरात तीस वर्षे नेमका उलटा समज होता. परीक्षेत याच प्रकरणावर मला सर्वाधिक गुण मिळाले.