गुडघा बदलल्यावर पाण्यातले व्यायाम कधी सुरू करायचे? (पोहता येत नाही)

निळीछत्री:
आईचं (वय ६७) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन पाच आठवडे झाले. टाके चौदाव्या दिवशी काढले, वॉकर सुटला, आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. गुडघा ९५ डिग्रीपर्यंत वाकतो पण त्यापुढे फिजिओने जरा दाबला की अशी कळवळते की मीच खोलीबाहेर जाऊन उभी राहते. परवा सर्जन जाता जाता म्हणाले की पाण्यातले व्यायाम करून बघा, आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला, त्यामुळे काय, कधी, कसं सगळं विचारायचं राहूनच गेलं.
जखम भरलीय पण खालच्या टोकाला तांदळाएवढी खपली अजून आहे. वॉटरप्रूफ पट्टी लावून उतरवलं तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे आईला पोहता येत नाही, पाण्याची धास्तीच आहे तिला. खरंच उपयोग होतो की नुसतं फॅड आहे?

दोन्हीगुडघे:
माझे दोन्ही झालेत, एक आधी आणि दीड वर्षाने दुसरा, त्यामुळे अनुभव डबल 😀
आधी खपलीचं. ती स्वतःहून पडू दे, ओढू नका, आणि तोवर पाण्यात नको म्हणजे नको. माझ्या दुसऱ्या गुडघ्याला असंच झालं होतं, मी रोज आरशात बघून वैतागायचो, शेवटी सातव्या आठवड्यात पाण्यात उतरलो. काही बिघडलं नाही दोन आठवडे थांबल्याने.
पोहण्याचा इथे काही संबंध नाही हो. मी पहिले पंधरा दिवस फक्त चाललो. छातीएवढ्या पाण्यात कठड्याला एक हात लावून पुढे, मग उलटं, मग खेकड्यासारखं आडवं. काठीशिवाय, न लंगडता टाकलेली पहिली पावलं मी पाण्यातच टाकली आणि खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं, पूलमध्ये कुणाला कळलं नाही ते बरंय.
एक मात्र आधीच सांगून ठेवा आईंना, बाहेर येताना पायऱ्या चढायला लागलं की पाय एकदम जड होतो, मांडीला पोतं बांधल्यासारखा. घाबरायचं नाही, वजन परत आपल्यावर आलेलं असतं इतकंच. आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरे. मी पाण्यात काही दुखत नाही म्हणून पाऊण तास केला आणि रात्रभर बर्फाची पिशवी घेऊन बसलो.

सरळपाय (फिजिओ):
पेशंट न बघता बोलतेय, त्यामुळे सर्जनना फोन करून खपलीचं विचाराच. साधारण चार ते सहा आठवड्यांनी, जखम पूर्ण बंद, कोरडी, कुठे ओल किंवा खपली नाही असं झालं की परवानगी मिळते. काही ठिकाणी वॉटरप्रूफ ड्रेसिंग लावून त्याआधीही करतात पण ते हॉस्पिटलच्या देखरेखीखाली, सार्वजनिक पूलमध्ये ही हौस नको. आत कृत्रिम सांधा आहे, तिथे इन्फेक्शन पोचलं तर कधीकधी परत ऑपरेशन करायची पाळी येते.
फॅड नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायावर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय पाण्याचा दाब चहूबाजूंनी पडतो, घोट्यापाशी जास्त आणि वर कमी, त्याने सूज उतरायला मदत होते, जणू मोठा मोजा घातलाय. व्यायामाच्या पूलमधलं पाणी ३३ ते ३५ डिग्री ठेवतात, त्या ऊबेने स्नायू सैल पडतात, म्हणून जो पाय टेबलावर ९५ ला अडतो तो तिथे न ओरडता थोडा पुढे जातो. गार पाण्यात उलट आखडतो.
मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. पाणी तुम्ही जितकं जोर लावाल तितकंच अडवतं. पाय दुप्पट वेगाने हलवला तर अडथळा चौपट, हळू हलवला तर जवळजवळ नाहीच. म्हणजे दुखलं की वेग कमी करायचा, काम झालं.
चालणं, कठडा धरून टाच मागे कुल्ल्याकडे नेणं, अर्ध्या उठाबशा, पाय सरळ ठेवून बाजूला नेणं, सुरुवातीला एवढंच. बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. ताप, जखमेतून पाणी येणं, पोटरी दुखून सुजणं यातलं काहीही असेल तर पाण्यात जायचं नाही, आधी डॉक्टर. पोटरीचं विशेष लक्षात ठेवा, रक्ताची गुठळी असू शकते. हार्टचा त्रास असेल तर तेही आधी विचारून घ्या.

काठीवाला_मुलगा:
सगळे कौतुकच करतायत म्हणून दुसरी बाजू. आमच्या बाबांना पाणी इतकं आवडलं की घरचे व्यायाम बंदच केले, आज पूलला गेलो ना मग कशाला, असं. आम्हीपण खूश कारण कटकट नाही. तीन महिन्यांनी तपासलं तर वाकतोय छान, ११५ पर्यंत, पण पूर्ण सरळ होत नाही, आठ-दहा डिग्री राहतोच, आणि त्यामुळे चालताना लचक. मग परत टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबत बसायचं, जे पहिल्या आठवड्यापासून सांगितलं होतं तेच.
शिवाय ते पाण्यात कधी पडले नाहीत, पडता पडता वाचले ते कपडे बदलायच्या खोलीत. ओली फरशी आणि काठीचं रबर झिजलेलं.

सरळपाय (फिजिओ):
@काठीवाला_मुलगा अगदी बरोबर, हे मीच लिहायला हवं होतं. पाण्यात पाय आपोआप वर तरंगतो, त्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला शेवटचे काही डिग्री गुडघा ताणून धरायला जे कष्ट पडायला हवेत ते पडतच नाहीत. ते जमिनीवरच करावं लागतं, रोज. पाण्यातला आणि जमिनीवरचा व्यायाम यांची तुलना करून पाहिलीय, सुधारणा साधारण सारखीच होते. पाण्याचा फायदा असा की ज्याला दुखण्यापायी व्यायामच नकोसा झालाय तो निदान करायला लागतो.

निळीछत्री:
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! टॉवेलच्या व्यायामाला आमच्याकडेही दांडी चालू आहे, आज रात्रीपासून मी समोर बसणार. सर्जनकडे फोटो पाठवला, खपली पडल्यावर आठवड्याने या म्हणाले. पण भीतीचं काय करू? मी सोबत उतरले तर चालेल का?

दोन्हीगुडघे:
उतराच. शिडीवाला पूल नको, रुंद पायऱ्या आणि दोन्हीकडे दांडा असलेला बघा, आधी एकट्या जाऊन बघून या. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, जिन्यासारखंच. सैल गाऊन वगैरे नको, पाण्यात फुगून पायात येतो. पहिल्या दिवशी व्यायामाचं नावच काढू नका, खालच्या पायरीवर दोघी बसा पाय पाण्यात सोडून. माझी बायको तशीच बसली होती आणि मला सूचना देत होती, तिला तर गुडघ्याचा काही त्रासही नव्हता.